जमीन खचली, पण भुयारामुळे नाही

पावसाळ्यात बुलढाण्याच्या घाटाखालच्या एखाद्या गावात अंगण खचून खड्डा पडतो. दुपारपर्यंत त्याचे भुयार झालेले असते आणि संध्याकाळी ते थेट नरनाळ्याच्या किल्ल्याला जाऊन मिळते. घाटावर हेच भुयार सिंदखेड राजाकडे निघते. गोष्ट रंगतदार आहे, पण खड्ड्याचे खरे कारण तिच्यामुळे झाकले जाते.

‘इथे लढाया झाल्या, म्हणजे खाली सुरुंग असणारच.’

लढाया झाल्या, हे खरेच. ऑक्टोबर 1724 मध्ये साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवले. मुबारिजखान तिथेच मारला गेला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पडला. 1803 मध्ये आजूबाजूला दोन मोठ्या लढाया झाल्या: सप्टेंबरात आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आणि नोव्हेंबरात अकोल्याच्या अडगावला. या साऱ्या मैदानी लढाया होत्या. पायदळ, घोडदळ आणि तोफांच्या जोरावर त्यांचा निकाल लागला, तोही एकाच दिवसात. तेवढ्या वेळात काळ्या पाषाणात भुयार कोण खोदणार?

सुरुंग लावले जात ते किल्ल्यांच्या वेढ्यात. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी नगरच्या किल्ल्याखाली ते पेरले आणि चांदबीबीने काही वेळीच निकामी केले. 1700 मध्ये साताऱ्याला औरंगजेबाचा एक सुरुंग उलटला आणि त्याचीच माणसे गाडली गेली. शिवाय सुरुंग उडवायचा म्हणूनच खणलेला असतो. तो उडाला, की मागे भुयार उरत नाही, ढिगारा उरतो.

‘युरोपात युद्धाच्या भुयारांवर जमीन खचते, मग इथे का नाही?’

तिथे खचते, यात शंका नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममधली आघाडी वर्षानुवर्षे जागची हलली नाही, त्यामुळे सैनिकांनी खडूच्या दगडात आणि चिकणमातीत बोगद्यांचे जाळे खणले. 7 जून 1917 रोजी मेसिनला इंग्रजांनी जमिनीखालचे 19 सुरुंग उडवले. न उडालेला एक 1955 मध्ये वीज पडून फुटला. सोम नदीच्या परिसरात जुन्या खंदक-बोगद्यांची छते अजूनही कोसळतात. हे सारे घडायला एकाच जागी वर्षे काढणारे सैन्य लागते.

‘पण आत पोकळी आम्ही डोळ्यांनी पाहिली!’

पाहिली असेलच. बहुतेकदा ते धान्याचे पेव असते. तोंड अरुंद, पोट रांजणासारखे फुगलेले, आतून शेणामातीने लिंपून कडब्याचे अस्तर दिलेले. ज्वारी भरून तोंड दगडमातीने बुजवत. पुढे पोती आणि गोदामे आली, पेवे विसरली गेली. त्यांच्यावर अंगणे झाली, रस्ते झाले. पाणी मुरत राहिले, की एखाद्या पावसात वरचे छत बसते. बुजवलेल्या विहिरी आणि जुन्या गढ्यांची तळघरे अशीच दगा देतात. गढीची पांढरी माती तर लोक घरांसाठी वर्षानुवर्षे खणून नेत आले, त्यामुळे तिथली जमीन आधीच पोखरलेली असते.

शेतातली भेग हा वेगळा प्रकार. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी माती घेऊन त्यांत शिरते. चुनखडीच्या प्रदेशात पाणी खडकच विरघळवून गुहा करते. आपल्या बेसाल्टचे तसे होत नाही. लोणारच्या विवराचेही कारण एकेकाळी ज्वालामुखी किंवा जमीन खचणे असे सांगितले जाई. आता ते उल्काघाताचे विवर म्हणून मान्य आहे.

‘खाली गुप्तधन असेल, उतरून पाहू.’

हा मात्र जीवघेणा गैरसमज. बंद पेवात किंवा जुन्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड साचतो, प्राणवायू कमी होतो, आणि उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तसाच. कडेला उभे राहून डोकावणेही नको, कारण वरचा थर आतून पोकळ असतो. भोवती दोरी बांधावी, पाण्याचा ओघ दुसरीकडे वळवावा, तलाठ्याला कळवावे. पोकळी तपासून झाल्यावर मुरूम थराथराने दाबून भरावा. नुसता राडारोडा ओतला, तर पुढच्या पावसात तो पुन्हा बसतो.

जमिनीखाली काही सापडतच नाही, असेही नाही. 2024 मध्ये सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला आधी शिवमंदिराचे अवशेष आणि मग शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. ती रीतसर, मापे घेत केलेल्या उत्खननातून. घरामागे हंडा शोधणाऱ्यांसाठी 1878 चा निखात निधी कायदा आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.