डिस्क बदलण्याआधी मोजा

बारा-पंधरा वर्षं वापरलेल्या वॅगनआर किंवा सँट्रोचे पुढचे ब्रेक किरकिरू लागले की गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळतं: पॅड आणि डिस्क, दोन्ही नवीन घाला. आकडा ऐकून मालक दचकतो आणि पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात सगळ्यात स्वस्त जोडी शोधू लागतो. गणित चुकतं ते इथेच, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या गाडीच्या ब्रेकवरचे पैसे वाचतात ते मोजमापाने. डिस्क खरोखर संपली आहे का ते आधी ठरवावं. संपली नसेल तर तेच पैसे चांगल्या पॅडवर आणि नीट फिटिंगवर घालावेत.

डिस्क म्हणजे बीडाची ओतीव चकती. तिच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर बहुधा ‘मिन टीएच’ अशी इंग्रजी अक्षरं आणि मिलिमीटरमधला आकडा असतो. ही किमान जाडी. डिस्क त्याखाली गेली की काढायचीच. गंजामुळे आकडा झाकलेला असतो, तारेच्या ब्रशने घासला की वाचता येतो. मोजताना मात्र हमखास फसगत होते. पॅड डिस्कच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे बाहेरच्या बाजूला न झिजलेली कड उभी राहते. व्हर्नियरचे जबडे या कडेवर टेकले की जाडी आहे त्यापेक्षा जास्त भरते. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही अंगांना एकेक नाणं धरून मोजावं आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करावी. असं डिस्कभर सात-आठ ठिकाणी करावं. जाडी पुरेशी असेल, तडा नसेल, नखाला खोल चर लागत नसतील, तर ती डिस्क अजून कामाची आहे.

यावर मिस्त्री म्हणतो, ब्रेक दाबला की पेडल थरथरतंय, म्हणजे डिस्क वाकडी झाली. थरथर खरी असते, पण निदान बहुतेक वेळा अपुरं असतं. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या दोन-तीनपट फरक जाडीत पडला तरी तो पायाला जाणवतो, आणि हा फरक अनेकदा डिस्क ज्यावर बसते त्या हबवरच्या गंजातून सुरू होतो. गंजाच्या पापुद्र्यावर डिस्क किंचित तिरकी बसते, प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासते आणि तिथेच झिजते. म्हणून हब साफ न करता नवी डिस्क चढवली तर काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते. लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग तासून घेण्याचा मार्ग आहे, पण फेस मारल्यावरही जाडी किमान आकड्याच्या बरीच वर राहिली पाहिजे. तेवढी राहत नसेल तर माहितीतल्या कंपनीची साधी डिस्क घ्यावी, दोन्ही चाकांना एकदमच. भोकं किंवा खाचा असलेल्या महागड्या डिस्कची रोजच्या गाडीला गरज नाही.

पॅडच्या बाबतीत मात्र मी कंजुषीच्या विरोधात आहे. बऱ्याच पॅडवर दोन इंग्रजी अक्षरांचा घर्षणाचा संकेत छापलेला असतो: पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफई’ छापलेला पॅड शहरात ठीक वाटेल, पण कसारा घाट उतरताना तापला की त्याची पकड उतरते. हा संकेत टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाही, आणि बनावट मालावर तोही बनावट असू शकतो. म्हणून पक्कं बिल देणारं दुकान महत्त्वाचं. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलाच पॅड हवा असा आग्रह मला पटत नाही. चेन्नईच्या ब्रेक्स इंडिया किंवा राणे समूहासारखे उत्पादक गाडी कंपन्यांनाही माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. ‘गाडी रोज दहा किलोमीटर जाते, कशाला एवढं?’ हा प्रश्न रास्त वाटतो खरा, पण थोडं चालणाऱ्या गाडीचे पॅड उशिरा झिजतात, म्हणजे चांगल्या पॅडचा खर्च वर्षांवर पसरतो. आणि समोर अचानक कोणी आलं, तर त्या दिवशी गाडी किती किलोमीटर फिरली याला काहीच अर्थ नसतो.

उरलेला पैसा फिटिंगवर जावा. एकाच चाकातला एक पॅड संपलेला आणि दुसरा जाडजूड दिसला तर पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम असण्याचा संशय घ्यावा. त्या काढून, पुसून त्यांना ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावून घ्यावं. साध्या ग्रीसने आतलं रबर फुगतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या ‘डॉट ३’ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असायला हवा, ओल शिरल्यावर प्रमाणित मर्यादाच १४० वर येते, आणि उकळलेल्या ऑइलपुढे महागातला पॅडही हतबल असतो. शेवटी मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक दाबून वेग उतरवावा, मधे डिस्कला गार होऊ द्यावं, आणि पॅड नीट बसेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.