पालकवर्ग आणि पाळ्यांचे घर

हट्ट, आदळआपट, मारामारी, उलट उत्तरे आणि शाळेतून सतत येणाऱ्या तक्रारी यांनी बेजार झालेल्या पालकांसाठी घेतल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाला पालकवर्ग म्हणतात. या वर्गात तज्ज्ञ मुलावर थेट उपचार करीत नाहीत, तर आई-वडिलांना काही ठरावीक कौशल्ये शिकवून त्यांचा घरी सराव करवून घेतात. कारण समुपदेशकासमोर मूल आठवड्यातून फार तर तासभर बसते, उरलेला बराचसा काळ ते घरच्यांबरोबर असते.

या पद्धतीचा पाया अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात घातला गेला. जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पालक आणि मुले यांच्यातील व्यवहाराच्या बारीक नोंदी केल्या आणि दोघेही नकळत एकमेकांना चुकीचे धडे कसे देतात, हे १९८२ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. पुण्याजवळच्या चाकण या औद्योगिक गावालगतच्या खराबवाडी किंवा नाणेकरवाडीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात हे चक्र सहज समजून घेता येते. रात्रपाळी करून आलेले वडील दुपारी झोपलेले असतात, पाच वर्षांचे मूल मोबाइल मागते, आई नाही म्हणते, मूल किंचाळू लागते आणि नवऱ्याची झोप मोडेल या धास्तीने आई मोबाइल देऊन टाकते. मुलाला हवी ती वस्तू मिळते आणि आईला शांतता मिळते, त्यामुळे पुढच्या वेळी मूल अधिक लवकर किंचाळते आणि आई अधिक लवकर नमते. एखाद्या दिवशी वडील उठून फटका देतात, मूल तेवढ्यापुरते गप्प होते आणि फटका लागू पडतो असे वडिलांनाही वाटू लागते. या साखळीत गुन्हेगार कोणीच नसतो; म्हणूनच 'आईने लाडावून ठेवले' हा नेहमीचा आरोप अन्यायकारक तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी ऑरेगॉनमध्येच आखलेल्या आणि पुढे अनेकांनी स्वीकारलेल्या क्रमानुसार पालकवर्गाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पालक रोज पाच-दहा मिनिटे मुलाच्या कलाने खेळतात, त्या वेळात सूचना आणि प्रश्न टाळतात आणि 'शहाणा आहेस' असे मोघम न म्हणता 'चपला जागेवर ठेवल्यास, बरे केलेस' असे नेमके कौतुक करतात. दुसऱ्या टप्प्यात एका वेळी एकच स्पष्ट सूचना देणे, ती पाळण्यास पुरेसा वेळ देणे, निरुपद्रवी कुरकुरीकडे दुर्लक्ष करणे आणि मुलाने मारहाण केल्यास आधी सांगून ठेवलेला सौम्य परिणाम न चुकता अमलात आणणे, हे शिकवले जाते. दुर्लक्ष सुरू केल्यावर हट्ट आधी वाढतो आणि मग ओसरतो, ही गोष्ट पालकांना आधीच सांगावी लागते, अन्यथा उपाय फसला असे समजून ते नेमक्या त्याच वेळी माघार घेतात.

मुलांना समजून घेण्याचा विचार मराठीला नवा नाही. संजीवनी कुलकर्णी यांनी १९८७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'पालकनीती' मासिक आणि शोभा भागवत यांचे लेखन यांनी तो अनेक घरांत पोहोचवला. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली. मात्र विचार पटणे आणि थकून आल्यावर तो आचरणात आणणे यांत अंतर असते, आणि ते सरावानेच कापता येते.

या सरावाला वेळ लागतो. वर्तनसमस्या असलेल्या तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ब्रिटनमधील २०१३ च्या मार्गदर्शक सूचना दीड ते दोन तासांच्या दहा ते सोळा बैठका सुचवतात आणि शक्य असेल तेथे आई-वडील दोघांनीही यावे असे सांगतात. पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात खरी अडचण येथेच येते, कारण पाळ्या बदलत राहतात आणि अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, तर शाळेची रविवारी असते. ठरलेल्या एकाच वेळी भरणाऱ्या वर्गाला वडील वारंवार मुकतात आणि घरात नवे नियम पाळणारी आई एकटी पडते. त्यामुळे एकच बैठक आठवड्यातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी घेणे, ती वस्तीतील अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या शाळेत भरवणे आणि कारखान्यांनी तिला आपल्या आवारात जागा देणे आवश्यक आहे.

वर्गापूर्वी मुलाची तपासणी मात्र व्हायलाच हवी, कारण कमी ऐकू येणे, स्वमग्नता, अतिचंचलता किंवा मुलावर झालेला अत्याचार हेही हट्टाच्या रूपात दिसू शकतात. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर पालकांना स्वतःच्या मानसिक ताणाविषयीही विनामूल्य बोलता येते. तपासणीची वाट अशी आखलेली आहे. तिच्या पुढे पालकवर्गाची सोय उभी राहिली आणि तिचे वेळापत्रक पाळ्या पाहून ठरले, तरच कामगार बापाला आपल्या मुलाशी फटक्यावाचून वागण्याचे शिक्षण मिळेल.