पंचावन्न किलोचा काटा

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डी दाखवली, हे वऱ्हाडात पोट्ट्यासोट्ट्यांनाही पाठ आहे. मी सांगतोय ते दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या गावोगावच्या वजन गटाच्या कबड्डीचं. तूर घरात आली की पत्रकं लागतात: ‘५५ किलो वजन गट. पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ वजनाच्या टेबलामागे बसणाऱ्याला मात्र शिट्टीआधीच बराच खेळ पाहायला मिळतो.

एक गडी दोन स्वेटर चढवून पहाटेपासून बांधावर धावत होता. काट्यावर चढला, तर दोनशे ग्रॅम जास्त. दोस्तांनी तिथेच डोकं भादरलं. तरी भागेना. मग चौघांनी चादर धरली, चड्डीही उतरली आणि आकडा ५५ वर टेकला. जल्लोष झाला, गड्याने पोटभर पोहे हाणले. पहिल्याच चढाईत पायात गोळे आले आणि उरलेला सामना त्याने बाहेर बसून पाहिला.

वजन झालं की मनगटावर शिक्का बसतो. एकदा एका बारक्याचा शिक्का ओला असतानाच एका जाडजूड गड्याने त्यावर आपलं मनगट दाबलं. अक्षरं उलटी उमटली, चोरी पकडली गेली. पुढच्या वर्षी तोच संघ कापलेला बटाटा घेऊन आला. बटाट्यावर उलटा, तिथून मनगटावर सुलटा. काम अगदी सुबक. पण त्या वर्षी आम्ही शिक्क्यात यादीतला क्रमांकही लिहायला लागलो होतो. सामन्याआधी रांग लागली आणि एकाच संघात चार नंबरचे दोघे निघाले.

काही संघ मुद्दाम हरतात. एका तगड्या संघाला कळलं, की दुसऱ्या गटातला सर्वांत खतरनाक संघ दुसरा आलाय. आपण पहिले आलो तर उपांत्य फेरीत त्याच्याशीच गाठ. म्हणून यांनी साखळीतला शेवटचा सामना सोडून दिला. चढाईपटू नुसती रेघ शिवून परत येत होते, लोक ओरडत होते. डाव जमला, दुसरा नंबर मिळाला. समोर आली ती एका लहान गावची पोरं. त्या खतरनाक संघाला साखळीत त्यांनीच लोळवलं होतं. यांनाही लोळवलं.

हे हसण्यावारी जातं. भाड्याचा खेळाडू आला की मात्र हसू येत नाही. पासष्ट किलोचा गडी बारक्याच्या नावाने कोपऱ्यात उभा राहतो, मांडी पकडली की समोरचा हलत नाही आणि चषक गावात येतो. अशाच एका अंतिम सामन्यात ज्याच्या नावावर दुसरा खेळत होता, तो पोरगा टेबलाशी येऊन म्हणाला, “भाऊ, मी तं वजनात बसतो ना, मंग मले काऊन बसवलं?”

अधिकृत कबड्डीत कुमार गटाची मर्यादा ७० किलो, पुरुषांची ८५. तिथे पंचावन्न किलोच्या पोराला कोण विचारतो? त्याच्यासाठी हा गट काढला आणि त्याच्याच गावाने त्याला बाहेर बसवलं. त्याची तक्रार लिहून घेतली, सामना थांबवून चौदाही जणांचं पुन्हा वजन केलं. दोन्ही संघांत मिळून पाच गडी जड भरले.

म्हणून आयोजकांना माझं सांगणं एवढंच: अंतिम सामन्याआधी काटा मैदानात आणा आणि सगळ्या गावासमोर वजन करा.