पुन्हां बांधलेल्या बुलेटच्या ठिणगीची वेळ

दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता पुणें-सोलापूर मार्गास कुरकुंभच्या चौकांत छेदतो. त्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर काय किंवा आपल्या शहरी घरांत काय, वडिलांची वा आजोबांची एखादी जुनी बुलेट पडवींत धूळ खात उभी असते. सन १९५५ पासून मद्रासेस बनूं लागलेली ही फटफटी. घरांतल्या एखाद्या तरुणास ती चालती करण्याची हौस येते. सिलिंडर बोअर होतो, नवा दट्ट्या बसतो, झडपा घासल्या जातात, पैसाही बराच जातो. आणि पहिल्याच किकला दांडा उलटून पायावर असा बसतो कीं घोटा जायबंदी व्हावा! दोष बहुधा एकाच गोष्टीचा असतो, तो म्हणजे ठिणगीच्या वेळेचा.

सिलिंडरांत दाबलेलें पेट्रोल-हवेचें मिश्रण दारूच्या बारासारखें एकदम उडत नाहीं. प्लगपाशीं पेटलेली ज्वाला सर्वत्र पसरावयास कांहीं सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला १००० फेरे घेणारें इंजिन एका सहस्रांश सेकंदांत ६ अंश फिरतें, ३००० फेरे घेणारें १८ अंश. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडली पाहिजे, आणि वेग वाढेल तसतशी अधिकाधिक आधीं. बुलेटमध्यें हें काम पॉइंटखालचीं दोन लहान वजनें करतात. वेगाबरोबर तीं बाहेर फेकलीं जातात आणि कॅमला पुढें ढकलतात. त्याहून जुन्या मॅग्नेटोच्या गाड्यांना हँडलवर एक दांडी असे व हा हिशेब स्वार आपल्या कानानें करी. किक मात्र सावकाश फिरते. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यास पेटलेला वायु मागेंच लोटतो, आणि तो धक्का पायाला बसतो.

आतां प्रत्यक्ष काम. प्रथम पॉइंट स्वच्छ करावे आणि ते पुरते उघडले असतां त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करावी. हें आधींच करावयाचें, कारण फट वाढली कीं पॉइंट लवकर उघडतात. वेळ लावून झाल्यावर फटीला हात लावला तर सगळी मेहनत वायां जाते. प्लग काढून गाडी वरच्या गिअरमध्यें घालावी आणि मागचें चाक हातानें पुढच्या दिशेनें फिरवावें. प्लगच्या भोंकावर आंगठा धरला असतां वारा जोरानें बाहेर येईल तो दाबाचा फेरा. हें पाहणें आवश्यक आहे, कारण चार फेऱ्यांच्या इंजिनांत दट्ट्या दोनदां माथ्यावर येतो, आणि चुकीच्या माथ्यावर वेळ लावली तर इंजिन चालू होणारच नाहीं.

माथा शोधणें वाटतें तितकें सोपें नाहीं. माथ्याजवळ दट्ट्या जणूं थांबतो. चाक फिरतें, पण सळई हलत नाहीं. यास्तव इंजिनाच्या दांड्यावर अंशांची चकती लावून, दट्ट्या चढतांना व उतरतांना सळईच्या एकाच खुणेवर आला असतां दोन आंकडे घ्यावे. त्यांचा मध्य हाच माथा. ३५० सी.सी. बुलेटचा फेरा ९० मिलिमीटरचा आहे, व वजनें मिटलेलीं असतांना माथ्यापूर्वीं ०.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारें १० अंश, ही वेळ धरतात. या खुणेच्या पुष्कळ मागें जाऊन पुन्हां पुढें यावें, म्हणजे दांत्यांतील ढिलाई निघून जाते.

पॉइंट नेमके याच क्षणीं उघडूं लागले पाहिजेत. पॉइंटची तार व इंजिनाचा धातु यांच्यामध्यें एक छोटा दिवा जोडून किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असतील तोंवर दिवा विझलेला, उघडतांच पेटतो. दिवा नसल्यास गाडीचा अँपिअर-मापक पाहावा: हेडलाइट बंद असतां उणे बाजूस झुकलेला कांटा पॉइंट उघडतांच मध्यावर येतो. चूक असेल तर पॉइंटची बैठक सैल करून फिरवावी. कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेस फिरविली असतां ठिणगी लवकर पडते. पण अगदीं हलक्या हातानें! कॅम इंजिनाच्या निम्म्या गतीनें फिरतो, तेव्हां बैठक एक अंश सरकली कीं ठिणगी दोन अंश सरकते.

वजनांच्या स्प्रिंगा गंजून अडकल्या असतील तर हा सर्व उपद्व्याप व्यर्थ आहे. बोटानें कॅम फिरवून सोडला असतां तो चटकन् परतला पाहिजे. मग गाडी रस्त्यावर न्यावी. चढावर खणखणाट ऐकूं आला तर ठिणगी लवकर पडत आहे. गाडी सुस्त आणि इंजिन अवाजवी तापत असेल तर उशिरा. पहिली चूक अधिक वाईट, कारण तो खणखणाट चालूं दिला तर नव्या दट्ट्यालाच भोंक पडतें.

आणखी एक. नव्या पॉइंटची टाच आरंभीं झिजते, फट कमी होते आणि ठिणगी आपोआप उशिरा पडूं लागते. तीनचारशें किलोमीटर झाल्यावर फट पुन्हां मोजावी आणि त्यानंतर वेळही पुन्हां पाहावी.