एक स्विच, अनेक कप्पे : कीड-सर्वेक्षणाच्या माहितीचे विलगीकरण

पपईवरील पिठ्या ढेकणाच्या नियंत्रणासाठी 2010 मध्ये अ‍ॅसेरोफॅगस पपाये हा परोपजीवी कीटक प्युर्टो रिकोहून बंगळूरु येथील राष्ट्रीय कीटक संस्थेत आणण्यात आला. तो थेट शेतात सोडला गेला नाही; प्रथम विलगीकरण कक्षात त्याची सुरक्षितता तपासण्यात आली. एका कक्षातील दोष दुसरीकडे पोहोचू न देण्याचे हेच तत्त्व संगणकीय माहितीच्या साठ्यालाही लागू पडते.

कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी 8 पतंग आढळल्यास गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. अळी बोंडात शिरल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून क्रॉपसॅपसारख्या प्रकल्पातील निरीक्षणे वेळेवर नोंदली जाणे आणि त्यावरील सल्ला वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

मोठ्या माहिती केंद्रात सर्व्हर आणि डिस्कचे साठे फायबर चॅनल स्विचद्वारे जोडलेले असतात. या जाळ्यास स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजेच ‘सॅन’ म्हणतात. अनेक विभागांचे साठे एकाच अविभक्त जाळ्यात असल्यास एका विभागासाठी केलेली चुकीची मांडणी इतरांचे सर्व्हरही त्यांच्या डिस्कपासून तोडू शकते. प्रत्येकास स्वतंत्र स्विच देणे हा जुना उपाय. परंतु त्यात खर्च वाढतो आणि अनेक पोर्ट रिकामे राहतात.

सिस्को कंपनीने 2002 मध्ये ‘व्हीसॅन’, अर्थात आभासी सॅन, ही पद्धत आणली. तीत एकाच स्विचचे पोर्ट वेगवेगळ्या क्रमांकांच्या कप्प्यांत वाटले जातात. दोन स्विचमधील सामाईक दुव्यावरून जाणाऱ्या माहितीस तिच्या कप्प्याचा क्रमांक जोडला जातो. प्रत्येक कप्प्याची उपकरण-नोंदवही, मार्गनिश्चिती आणि झोनिंग स्वतंत्र असते. त्यामुळे मांडणीतील चूक बहुतांशी त्याच कप्प्यात थांबते. झोनिंग हे कप्प्याच्या आत कोणी कोणाशी बोलावे ते ठरवते. ते व्हीसॅनला पर्याय नव्हे.

मूळ रचनेत सर्व पोर्ट व्हीसॅन 1 मध्ये असतात. ते तसेच ठेवल्यास विभागणीचा लाभ मिळत नाही. एखादा व्हीसॅन रद्द केल्यास त्यातील पोर्ट 4094 या विलग कप्प्यात जातात आणि त्यांचा संपर्क थांबतो; म्हणून असा बदल पूर्वनियोजनानेच करावा.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. स्विचच बंद पडला तर त्यातील सर्व कप्पे एकदम बंद पडतात. यासाठी दोन स्वतंत्र स्विचमधून जाणारे दोन मार्ग असावेत. शिवाय विलगीकरण म्हणजे माहितीची प्रत नव्हे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने 11 ऑगस्ट 2020 रोजी हैदराबादच्या ‘नार्म’ संस्थेत सुरू केलेले ‘कृषी मेघ’ हे दूरस्थ प्रतीचे उदाहरण होय. मुख्य माहिती केंद्र नवी दिल्लीत आहे.

सर्वेक्षणाची माहिती सामाईक यंत्रणेत ठेवणाऱ्या संस्थांनी हंगामापूर्वी आपल्या संगणक विभागाकडून तीन बाबींची खातरजमा करावी : स्वतंत्र कप्पा, दुसरा मार्ग आणि दूरस्थ प्रत.