मोताळ्याची सुरी आणि स्वीडनचा चाकू

मोताळ्यातील एका लोहाराच्या भट्टीवर गेल्या हिवाळ्यात एक तरुण ग्राहक आला. त्याच्याजवळ स्वीडनमध्ये बनलेला, प्लास्टिकच्या मुठीचा एक साधा चाकू होता. "चाचा, असा तुम्ही करून द्याल का?" एवढाच त्याचा प्रश्न. चाचांनी चाकू उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याच्या नखावर धार अजमावली आणि म्हणाले, "करून देतो. पण याला एवढे पैसे का मोजलेस, ते आधी सांग." आम्ही त्या वेळी विळ्याला धार लावून घेण्यासाठी तेथेच बसलो होतो. चाचांचा प्रश्न आम्हाला रास्त वाटला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आमचे पुढचे काही आठवडे गेले. आमच्या वाचकांत लोहारकाम करणारे, धार लावणारे, हार्डवेअरचे दुकानदार व भंगाराचे व्यापारी बरेच आहेत. हा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

रानात, डोंगरात, शेतावर मुक्काम करणाऱ्यांना लागणारा हा चाकू मिटणारा नसतो. रामपुरीसारख्या मिटणाऱ्या चाकूत खीळ असते, आणि जोर पडला की प्रथम तीच ढिली होते. न मिटणाऱ्या चाकूचे पाते सरळ मुठीत गेलेले असते. पाते साधारण चार ते सहा इंच लांब, जाडी अडीच ते साडेचार मिलिमीटर. त्याने लाकूड सोलावे, दोर कापावा, चुलीसाठी ढलप्या काढाव्यात, कांदा चिरावा आणि वेळ पडली तर दुसऱ्या लाकडाने पाठीवर ठोकून जळण फाडावे, अशी अपेक्षा असते. मेंढपाळ, बकऱ्यांचे व्यापारी, शेतावर जागल करणारे आणि अलीकडे गड-किल्ले चढणारी शहरी मुले हे त्याचे ग्राहक. यातील पहिले तिघे आपल्या लोहारांकडे पूर्वीपासून येत आहेत. चौथा मात्र इंटरनेटवरून परदेशी माल मागवतो, आणि पैसा खर्च करण्याची तयारी त्याचीच जास्त आहे.

परदेशी मालात तीन घराणी लक्षात घेण्यासारखी आहेत. स्वीडनमधील मोरा गावात १८९१ पासून चाकूचा कारखाना आहे. त्यांच्या नेहमीच्या चाकूचे पाते सुमारे दहा सेंटिमीटर लांब व अडीच मिलिमीटर जाड असते. धारेचा उतार रुंद आणि सपाट असल्यामुळे तो दगडावर बरोबर बसतो, म्हणून नवशिक्यालाही धार लावता येते. त्याच देशाच्या हवाई दलाने १९९५ मध्ये वैमानिकांसाठी फॉलक्निवेन कंपनीचा एफ-१ हा चाकू घेतला. त्याचे पाते ९७ मिलिमीटरचेच, पण जाडी साडेचार मिलिमीटर. वैमानिकाचा जीव ज्याच्यावर अवलंबून त्या चाकूचे पाते चार इंचही नाही, हे आपल्याकडे "मोठा सुरा तो मजबूत" मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तिसरा अमेरिकन नौसैनिकांचा का-बार. तो १९४२ मध्ये त्यांच्या सैन्यात आला. पाते सात इंच, मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली. काम दणकट आहे. पण त्याची घडणच लढाईची, आणि आपल्या कायद्यात ती का अडचणीची ठरू शकते ते पुढे येईलच.

याशिवाय एक चौथा प्रकार आहे, त्याला आम्ही घराणे म्हणणार नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत 'फर्स्ट ब्लड' हा चित्रपट आला आणि पोकळ मुठीचे, मागे होकायंत्र लावलेले, पाठीवर करवतीचे दात असलेले सुरे जगभर विकले जाऊ लागले. त्यांच्या स्वस्त नकला आजही मिळतात. पोकळ मुठीत पात्याचा भाग जेमतेम इंचभर शिरतो, म्हणून सारा ताण त्या सांध्यावर येतो. हा माल दुकानात ठेवू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. पहिल्याच जळणाला मूठ एकीकडे आणि पाते दुसरीकडे गेले तर ग्राहक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

आमच्या हाती प्रत्यक्ष आल्या तीन वस्तू. त्या तरुणाचा मोरा, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची नेपाळी खुकरी, आणि चाचांनी ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली पाच इंची सुरी. नळगंगेच्या काठी एका शेतात आम्ही दिवसभर त्यांना राबवले. बाभळीच्या फांद्या, पराटी, नायलॉनचा दोर, शेवटी स्वयंपाकाचा कांदा. खुकरीने फांद्या तोडण्यात कोणाला जवळ येऊ दिले नाही, पण कांद्यापुढे ती अगदीच अवघडली. मोराने बारीक काम सफाईने केले. पराटीच्या अशा पातळ ढलप्या काढल्या की एका काडीत चूल पेटली. बाभळीच्या गाठीवर ठोकायला मात्र त्या पातळ पात्याबद्दल आमचेच मन धजेना. चाचांची सुरी सुरुवातीला दोघींच्या बरोबरीने चालली. दुपारी त्याच गाठीवर तिच्या धारेतून मसुराच्या डाळीएवढा तुकडा उडाला.

चाचा काही बोलले नाहीत. सुरी फडक्यात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकली. संध्याकाळी भट्टीवर बसल्यावर मात्र म्हणाले, "लोखंड खोटे नव्हते. माझी घाई खोटी."

हे बोलणे खरे आहे, आणि आमच्या मते या साऱ्या धंद्याचे मर्म त्यातच आहे. कमानपाट्याचे पोलाद हलके नसते. आपल्याकडे वाहनांच्या पाट्यांना ईएन-४५ जातीचे पोलाद सर्रास वापरतात. त्यात कार्बन अर्धा टक्क्याहून थोडा अधिक आणि सिलिकॉन दोन टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ते वाकून परत सरळ होते. नेपाळचे कारागीरही खुकरी गाडीच्या पाट्यातूनच घडवतात. मलकापूरला महामार्ग असल्याने असा पाटा मोताळ्याच्या कारागिराला दूर शोधावा लागत नाही. घर बांधायची सळई मात्र या कामाला घेऊ नये. तिच्यात कार्बन कमी असतो. कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही.

मग तुकडा का उडाला? पाते लाल करून साध्या पाण्यात बुडवले, ते काचेसारखे कडक झाले, आणि ताव उतरवण्याचे काम राहून गेले. विळ्या-खुरप्यात हा दोष झाकून जातो, कारण गवताला तेवढा कडकपणा पुरतो आणि त्यावर कोणी ठोकत नाही. स्वीडनच्या कारखान्याला जे पैसे मिळतात ते मुख्यतः या एका गोष्टीचे आहेत. त्यांचे प्रत्येक पाते ठरलेल्या उष्णतेला तापते, ठरलेल्या उष्णतेला उतरते, आणि शंभरावे पाते पहिल्यासारखेच निघते.

यासाठी कारखाना उभारावा लागतो असे मात्र नाही. भंगारातल्या स्पीकरचा चुंबक तारेला बांधावा. तापलेल्या पात्याला चुंबक धरेनासा झाला की उष्णता सुमारे ७७० अंशांवर गेली असे समजावे. त्यानंतर थोडा आणखी ताव देऊन पाते पाण्यात नव्हे तर कोमट केलेल्या गोड्या तेलात बुडवावे. आमच्या भागात सोयाबीनचे तेल सहज मिळते, ते चालते. इंजिनचे जळके तेल स्वस्त पडते, पण त्याचा धूर छातीला वाईट. भट्टीवर पोरे बसलेली असतात, याचा विचार करावा. थंड झालेल्या पात्यावरून जुनी कानस घसरली तर पाणी बरोबर बसले. मग पाते घासून चकचकीत करावे व सुमारे दोनशे अंशांवर दोन तास ठेवावे. त्यावर वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला की झाले. निळसर छटा आली तर ताव जास्त उतरला, धार लवकर मुडपेल.

दोनशे अंश दोन तास टिकवायचे कोठे, हा प्रश्न होता. तो चाचांच्या सुनेने सोडवला. "बेकरीत ठेवा ना, टोस्ट निघाल्यावर," ती म्हणाली. पाव भाजून झाला की बेकरीची भट्टी हळूहळू निवत जाते आणि टोस्ट याच उरलेल्या उष्णतेत वाळतात. बेकरीवाल्या बांधवांनी आधी नाक मुरडले, ते योग्यच होते. खाण्याच्या जागी तेलकट लोखंड कोणाला आवडेल? शेवटी पाती साबणाने धुऊन, झाकणाच्या स्वतंत्र पत्र्याच्या डब्यात ठेवायची असे ठरले. भट्टीत उष्णता मोजण्याचे साधे घड्याळ ठेवले. दुसऱ्या खेपेची सुरी आम्ही त्याच बाभळीच्या गाठीवर ठोकली. धार थोडी बोथट झाली, पण तुकडा उडाला नाही, आणि दगडावर पाच मिनिटांत ती पुन्हा लागली.

जुन्या पाट्याबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे दबून त्यात केसाएवढे तडे गेलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाटा रॉकेलने भिजवून कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तेथे आतले रॉकेल वर येऊन रेघ उमटते. तेवढा भाग कापून टाकावा. ट्रकच्या पाट्यापेक्षा जीपचा पाटा पातळ असल्याने घणाचे ठोके व कोळसा दोन्ही वाचतात.

मुठीच्या बाबतीत आपले कारागीर सर्वांत मागे आहेत. बारीक शेपटी तापवून लाकडात खुपसायची, ही खुरप्याची रीत या सुरीला पुरत नाही. पात्याइतकेच रुंद पोलाद मुठीच्या टोकापर्यंत न्यावे, दोन्ही बाजूंना शिसव किंवा बाभळीच्या जुन्या लाकडाच्या पट्ट्या लावाव्यात आणि पितळी रिव्हेट ठोकावेत. हाताला कोपरे टोचू नयेत. म्यान चामड्याचे असावे व त्यात धारेच्या बाजूला चामड्याची जादा पट्टी शिवलेली असावी, नाही तर सुरी म्यानच कापून मांडीला लागते. हे काम चपलाकार बांधवांचे आहे. लोहाराने ते स्वतः रेक्झिनमध्ये उरकू नये.

आता कायदा. येथे गाफील राहणे कोणालाच परवडणारे नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत धरले आहेत, आणि खुकरीचे नाव तर तेथे स्पष्ट आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी घडवलेल्या वस्तूंना त्यातून वगळले आहे. त्याच यादीत खंजिराचेही नाव आहे, म्हणून दुधारी, टोकदार, लढाईच्या घडणीचा माल लांबीला कमी असला तरी करू नये. चार-पाच इंचांची, एकाच बाजूला धार असलेली सुरी करावी. कामालाही तीच सोयीची, हे स्वीडनच्या वैमानिकांनी दाखवलेच आहे. "कमांडो", "रॅम्बो" अशी नावे देऊन गिऱ्हाईक ओढण्याचा मोह टाळावा. त्या एका शब्दाने शेतीची वस्तू भलत्याच नजरेत येते.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण-उत्सव, निवडणुका अशा वेळी जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक जागी सुरे घेऊन फिरणे गुन्हा ठरू शकते. बकरी ईदच्या आधी सुऱ्यांची मागणी वाढते आणि धार लावणाऱ्यांची ये-जाही. पावती जवळ असली म्हणजे आदेशातून सूट मिळते, असे समजू नये. बाजाराला माल नेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात आदेशाची चौकशी करावी, माल खोक्यात बांधून न्यावा, बिलावर वस्तूचे नाव व माप लिहावे.

तिसरी गोष्ट ग्राहकाला सांगायची आहे. बुलडाण्याजवळचे ज्ञानगंगा अभयारण्य डिसेंबर २०१९ मध्ये देशभर गाजले, कारण टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक चालून तेथे पोचला होता. जंगल पाहायला जाणारे तरुण हीच सुरी कमरेला लावून निघतात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. म्हणजे "जंगलाची सुरी" म्हणून विकलेली वस्तू जवळच्याच जंगलात नेता येत नाही! विक्रेत्याने हे आधीच सांगावे. एखादे गिऱ्हाईक त्यामुळे परत जाईल, जाऊ द्यावे.

तसेच पाटा जुना असेल तर "जुन्या पाट्याची" असे सांगूनच विकावी आणि ती गंजते, तेल लावून ठेवावी लागते, हेही सांगावे. मालाचा ऐब लपवून केलेला सौदा आपल्याकडे कसा मानला जातो, हे वाचकांना सांगायला नको. किंमत ठरवताना मात्र संकोच नको. खुरप्याच्या भावात ही सुरी विकली तर बेकरीचे दोन तास, मूठ आणि म्यान कारागिराच्या अंगावर पडतील. ज्यांना भांडवल हवे त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. या कर्जावर पाच टक्के व्याज आहे. ते घ्यावे की नाही, हा ज्याचा त्याने ठरवायचा प्रश्न.

तो तरुण परत आला तेव्हा चाचांनी त्याच्यापुढे दोन सुऱ्या ठेवल्या, आणि पहिलीही ठेवली, तुकडा उडालेली. त्याने नवी घेतली. मूठ अर्धा बोट जाड हवी होती म्हणाला. आणखी चार मित्रांसाठी सांगून गेला आहे. चाचा सध्या जीपचे पाटे शोधत आहेत.