कुंडीतला निकाल चुकला!

परीक्षा फक्त आपल्यालाच द्यावी लागते असं तुम्हाला वाटतं ना? तसं नाही बरं का! गव्हालाही परीक्षा असते, तीही तहानेची. आमच्या वर्गाने एकदा ही परीक्षा घेतली आणि चक्क चुकीचा निकाल लावला. त्याचीच ही गोष्ट.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. जानेवारी सरला की इथल्या विहिरी तळ दाखवू लागतात. शाळा सुरू झाली तेव्हा चौथीतली एक मुलगी ओंजळभर गहू घेऊन आली. दाणे बारीक, सुरकुतलेले.

"बाई, ऐन ओंब्या भरताना विहीर आटली," ती म्हणाली. "पोळ्यांपुरतेही गहू झाले नाहीत. आता पेरायचं तरी कोणतं बी?"

तिच्या घरी दोन वाण होते. एक आबांनी जपलेला, उंच वाढणारा जुना गहू. दुसरा बाजारातून आणलेला, बुटका. आम्ही शाळेच्या पडवीत कुंड्या मांडल्या, दोन्ही बिया पेरल्या आणि रोपं वीतभर झाल्यावर पाणी बंद केलं. उंच गहू आधी सुकला. बुटका चार दिवस जास्त टिकला. मी फळ्यावर लिहिलं, 'बुटका पास, उंच नापास.'

मुलीने घरी जाऊन निकाल सांगितला. झालं! आबांचं जपलेलं बियाणं दळणाला निघालं.

दुसऱ्या दिवशी गावचे कृषी सहायक शाळेत आले. कुंड्या पाहून त्यांनी विचारलं, "बाई, गव्हाची मुळं किती खोल जातात?"

"असतील वीत-दोन वीत."

"चांगल्या जमिनीत मीटरभराहून खोल जातात. या कुंडीत त्यांना जायला जागा कुठे आहे? उंच गव्हाला पानं जास्त, म्हणून त्याने कुंडीतलं पाणी लवकर संपवलं. शेतात तोच कदाचित खालची ओल शोधून काढील!"

माझा चेहरा उतरला. ती मुलगी तर दप्तर टाकून घराकडेच धावली. एक पायली दळून झाली होती. बाकीचं बी वाचलं!

मग खरी परीक्षा कशी घेतात? कृषी सहायकांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं.

शास्त्रज्ञ एकच वाण दोन ठिकाणी पेरतात. एका भागाला पाण्याच्या सगळ्या पाळ्या देतात, दुसऱ्या भागाला अगदी कमी किंवा मुळीच नाही. प्रत्येक वाणाचे तीन-चार वाफे असतात आणि कोणता वाफा कुठे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. का बरं? शेताचा एखादा कोपरा मुळातच ओलसर असतो. तो एकाच वाणाला मिळाला तर इतरांवर अन्यायच की! मध्येच अवकाळी पाऊस आला तर कोरड्या वाफ्यांची परीक्षा फसते, म्हणून काही ठिकाणी वाफ्यांवर सरकतं छप्पर असतं.

पीक उभं असतानाही तपासणी चालते. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का राहतं? माठ पाझरतो आणि ते पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. पानांचंही तसंच. ज्या रोपाच्या मुळांना पाणी मिळतं, त्याची पानं पाणी बाहेर टाकतात आणि गार राहतात. दुपारच्या उन्हात एका खास तापमापकाने, पिकाला हातही न लावता, कोणता वाफा गार आणि कोणता तापलेला हे मोजतात.

दुसरी युक्ती आईला विचारा. कोमेजलेली मेथी पाण्यात ठेवली की टवटवीत होते ना? शास्त्रज्ञ पान तोडून लगेच त्याचं वजन करतात. मग ते काही तास पाण्यात ठेवून पुन्हा वजन करतात आणि शेवटी पूर्ण वाळवून तिसऱ्यांदा. या तीन वजनांवरून कळतं, की पानात मावेल त्यातलं किती पाणी शिल्लक होतं.

पण खरा निकाल तराजूवर! समजा, तीन वाण आहेत. भरपूर पाण्यावर पहिला १० किलो देतो, दुसरा ७ आणि तिसरा ४. कोरड्या वाफ्यात पहिला ४, दुसरा ५ आणि तिसरा साडेतीन किलो. सांगा पाहू, कोण जिंकला?

तिसऱ्याची घट सर्वांत कमी, फक्त साडेबारा टक्के. पण म्हणून तो पहिला नंबर नव्हे! पोट टक्केवारीने भरत नाही, दाण्यांनी भरतं. कमी पाण्याच्या शेतकऱ्याला दुसराच बरा. घट मोजायला १९७८ मध्ये फिशर आणि मॉरर या शास्त्रज्ञांनी एक सूत्र मांडलं. वाणाची घट भागिले सगळ्या वाणांची मिळून झालेली घट. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर वाण काटक. आपल्या तिसऱ्या वाणाचं उत्तर सगळ्यांत लहान येईल, दाणे मात्र कमीच. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायचे.

अशा चाचण्या अनेक गावांत, अनेक वर्षं चालतात. मगच शिफारस होते. आपल्याकडे निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने कमी पाण्यासाठी 'नेत्रावती' आणि जिरायत शेतीसाठी 'पंचवटी' असे वाण दिले आहेत. पाणी कधी द्यायचं, तेही महत्त्वाचं. एकच पाळी शक्य असेल तर ती पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी. दोन शक्य असतील तर पहिली २० ते २२ आणि दुसरी ६० ते ६५ दिवसांनी.

त्या नोव्हेंबरमध्ये मुलीच्या बाबांनी शेतात तीन पट्टे पाडले. आबांचा गहू, बुटका गहू आणि शिफारशीचा वाण. कुठला पट्टा कुठे, याच्या चिठ्ठ्या तिनेच उचलल्या. मार्चमध्ये वजन केलं. शिफारशीचा पहिला, आबांचा दुसरा आणि आमचा 'पास' झालेला बुटका शेवटचा!

मी हौसेने खडू उचलला. तशी ती म्हणाली, "बाई, थांबा. एकाच वर्षाचा निकाल आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पेरू, मग लिहा."

मी खडू खाली ठेवला.

करून बघा : एका वाणाचे दाणे एका उथळ कुंडीत आणि प्लॅस्टिकच्या हातभर लांब उभ्या पाइपात पेरा. पाइपाचं खालचं तोंड कापडाने बांधा. दोन्हींत माती एकाच शेतातली घ्या. रोपं वीतभर झाली की पाणी बंद करा आणि रोज नोंद ठेवा. शेवटी माती हलकेच धुऊन दोन्हींची मुळं मोजा.